खोली की न्हाणी?

गेल्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. बँकेतून निवृत्त झालेला, हिशेबी माणूस. म्हणाला, "घर दुरुस्तीला काढलंय. मागं थोडी जागा आहे. निजायची खोली मोठी करू, की आणखी एक बाथरूम काढू? तू या सगळ्यातून गेलायस, सांग." मी म्हणालो, "फोनवर नाही सांगता येणार, घरी ये." तो काही आला नाही. एवढ्यात आकाशवाणीचं बोलावणं आलं. म्हटलं, त्याला सांगायचं ते इथंच सांगून टाकावं. सकाळी दाढी करताना तो रेडिओ ऐकतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

श्रोतेहो, कवीला बोलावलं आणि हा न्हाणी-संडासाचं काय घेऊन बसला, असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं. माझ्या तीन संग्रहांत अंगण आहे, उंबरा आहे, चूल तर डझनभर वेळा आहे; पण मोरी एकदाही नाही. घरावर इतकं लिहिलं आणि घरातल्या ज्या जागेवाचून कुणाचा एक दिवस जात नाही, तिचं नाव घेतलं नाही. ते का, हे मला २०१८ साली कळलं.

आमचं घर सोलापुरातलं, जुन्या वस्तीतलं, वडिलांनी बांधलेलं. फाटकातून आत आलं की अंगण. अंगणाच्या एका कोपऱ्यात, अगदी रस्त्याच्या भिंतीला लागून संडास आणि त्याला चिकटून मोरी. दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर. समोर एकामागं एक तीन खोल्या, रेल्वेच्या डब्यांसारख्या. पहिलीतून दुसरीत जायचं, दुसरीतून तिसरीत. बाजूला शेजाऱ्याची भिंत आणि आमची भिंत यांच्यामध्ये अडीच फुटांचं बोळकांडं आहे, पण त्यातून मांजराशिवाय कुणी जात नाही. आणि तिसऱ्या खोलीच्या मागं, पश्चिमेला, दहा फूट रुंद आणि नऊ फूट खोल अशी मोकळी जागा.

संडास रस्त्याला का, तर घर बांधलं तेव्हा टोपलीचे संडास होते. मैला उचलणाऱ्या माणसाला घरात पाऊल टाकावं लागू नये, म्हणून बाहेरच्या भिंतीला खाली एक झडप. तो बाहेरच्या बाहेर यायचा, बाहेरच्या बाहेर जायचा. त्याचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. ही गोष्ट आज सांगतानाही जड जाते. कोरड्या संडासांना आणि माणसाकडून मैला उचलून घ्यायला बंदी करणारा कायदा देशात १९९३ साली झाला. आमच्याकडं त्याच्या आधीच, १९८१ साली, वडिलांनी अंगणात सेप्टिक टाकी खणून घेतली. टोपली गेली, झडप विटांनी बुजली. संडास मात्र होता तिथंच राहिला. जागा बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

२०१८च्या जानेवारीत मुलाचं लग्न झालं. मधली खोली त्या दोघांना दिली. पुढची बैठकीची, रात्री तिथंच माझं आणि बायकोचं अंथरूण. मागची खोली अम्माची. तिचं वय तेव्हा सत्त्याहत्तर. मागं शांत असतं, रस्त्याचा गोंगाट येत नाही, म्हणून ती खोली तिला. आम्हाला वाटत होतं, आपण आईला घरातली सगळ्यांत चांगली जागा दिली.

त्याच सुमारास भविष्य निर्वाह निधीतून थोडे पैसे काढले. मागची भिंत पाडायची, मोकळी जागा आत घ्यायची, म्हणजे अम्माची खोली थेट वीस फूट लांब होईल, असा माझा बेत. त्यातल्या पुढच्या अर्ध्या भागात अम्मा, मागच्या अर्ध्यात भिंतभर पुस्तकांचं कपाट आणि खिडकीशी एक टेबल. टेबलाचं सोंग इथं काढून टाकतो: खोली अम्मासाठी मोठी करतोय असं मी सगळ्यांना सांगत होतो, आणि मनात टेबल होतं. पन्नाशी ओलांडली तरी मी मांडीवर पॅड घेऊन लिहीत होतो.

गल्लीत एक इंजिनियर राहतात. त्यांनी टेपनं मापं घेतली आणि बोलता बोलता राष्ट्रीय इमारत संहितेतले आकडे सांगितले. राहत्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर जागा हवी, म्हणजे साधारण एकशे दोन चौरस फूट. न्हाणीघराला १.८ चौरस मीटर, संडासाला १.१. दोन्ही एकत्र केले तर २.८, म्हणजे तीस चौरस फूट. अम्माची खोली दहा बाय अकरा, एकशे दहा फूट. कायद्याच्या हिशेबानं पुरेशी होती. पण मी कायद्याचं नव्हे, टेबलाचं बघत होतो.

बायको म्हणाली, "त्यापेक्षा मागं एक न्हाणी-संडास काढा." मी म्हणालो, "पाच माणसं आहोत, एक संडास आहे. सकाळी दहा मिनिटं मागंपुढं होतं, एवढंच ना? त्यासाठी लाखभर रुपये?" सोलापुरात पाण्याची काय तऱ्हा आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येण्याचे दिवस आम्ही काढले आहेत. म्हणालो, "एका मोरीला पाणी पुरत नाही आणि तू दुसरी मागतेस." माझा युक्तिवाद मला फार बिनतोड वाटला. ती गप्प बसली. ती गप्प बसली की मी जिंकलो असं समजायची मला जुनी सवय आहे.

एप्रिलमध्ये अम्माला ताप भरला. थंडी वाजून हुडहुडी. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली, आणि जंतुसंसर्ग निघाला. त्यांनी विचारलं, "पाणी किती पिता?" अम्मा म्हणाली, "पीती ना, बहोत पीती." मागं उभी असलेली सून हळूच म्हणाली, "नाही डॉक्टर. असरच्या नमाजानंतर दादी अर्धा कप चहा घेतात. मग सकाळपर्यंत काही नाही. मी रोज रात्री त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवते. सकाळी तो तसाच्या तसा असतो."

एप्रिलचं सोलापूर. पारा चाळिसाच्या वर. आणि माझी आई संध्याकाळी पाचपासून पहाटे पाचपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हती. मला वाटलं, वयानं तहान मंदावली असेल. मी तिला विचारलं, तर म्हणाली, नाही लागत तहान. बायकोनं विचारलं तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. आम्ही घरात दखनी बोलतो, तिचं वाक्य तिच्याच शब्दांत सांगतो: "रातकू बच्चों के कमरे में से कैसा जाना?"

रात्री उठलं, तर आधी मधली खोली ओलांडायची. तिथं नवं जोडपं निजलेलं. मग आमची खोली. मग अंगण, अंधार, दोन पायऱ्या, आणि पार फाटकाजवळचा संडास. म्हातारपणी एकदा पाणी प्यालं की दोनदा उठावं लागतं. नव्या सुनेच्या दाराची कडी रात्री दोनदा वाजवायची, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. तिनं त्यावर तिच्यापुरता उपाय शोधला होता: पाणीच प्यायचं नाही.

त्या रात्री अंगणात बसलो होतो. मी आपला हळहळत होतो, आईनं आपल्याला सांगितलं का नाही म्हणून. सून म्हणाली, "अब्बा, यात काय नवल? मीसुद्धा शाळेत पाणी पीत नाही." ती एका शाळेत शिकवते. तिथल्या संडासाला कडी नाही. सकाळी पावणेसातला निघते, दुपारी एकला परतते, तोवर घसा कोरडा ठेवून पाच तास घेते. बायको हसली. म्हणाली, "मी १९९१ साली या घरात आले. तुमच्या वडिलांची बैठक रात्री अकरापर्यंत भरलेली असायची. डबा हातात घेऊन त्या सगळ्यांसमोरून जायचं कसं? मीही दुपारनंतर पाणी तोडलं होतं. मोठा मुलगा पोटात होता तेव्हासुद्धा."

सत्तावीस वर्षं. मी दुष्काळावर कविता लिहिल्या, त्या वाचताना टाळ्या घेतल्या. आणि माझ्या घरात तीन बायका घोट मोजत होत्या. एक रात्री, एक दिवसा, एक दुपारनंतर. मी कधी मोजले नाहीत, कारण मला मोजावे लागले नाहीत. पुरुषाला रात्री उठलं तर अंगणात जायला कसली लाज?

टेबलाचा विषय तिथंच संपला, असं मी मोठेपणानं सांगेन, पण ते खरं नाही. दोन-तीन दिवस मी कागदावर रेघोट्या मारत होतो, की न्हाणीही होईल आणि टेबलही बसेल. बसत नव्हतं. पैसेही तेवढे नव्हते. गवंडीमामांचा अंदाज असा: खोली वाढवायला पावणेदोन लाख, कारण मागची भिंत दगडी आहे, छताचं वजन तिच्यावर आहे, ती पाडायची तर वर लोखंडी गर्डर टाकावा लागणार. न्हाणी-संडासाला सव्वा लाख. नव्वद फुटांची खोली पावणेदोन लाखांना आणि छत्तीस फुटांची न्हाणी सव्वा लाखाला! फुटाला हिशेब केला तर न्हाणी जवळजवळ दुप्पट महाग. पाइप, नळ, भांडं, टाइल, कोबा, पाणी न झिरपण्यासाठीचा लेप, सगळा खर्च तिथं. माझा बँकवाला मित्र इथं कान टवकारेल.

आता गंमत अशी, की सगळ्यांत मोठा विरोध अम्माचाच झाला. "घर में पाखाना? नक्को." आणि तिचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. मोकळी जागा पश्चिमेला. आमच्याकडून काबा पश्चिमेला. म्हणजे ती खोलीत नमाजाला उभी राहणार ती नेमकी त्या भिंतीकडं तोंड करून, आणि भिंतीपलीकडं संडास! जिनं आयुष्यभर संडास घरापासून चाळीस फूट लांब ठेवला, तिला हे कसं पटावं? स्वच्छ-अस्वच्छाची तिची मांडणी माझ्या आधुनिकपणापेक्षा जास्त पक्की होती. वजू करायची जागा संडासातच असावी, हेही तिला मान्य नव्हतं.

तेव्हा गवंडीमामा कामाला आले. माणूस चौथी शिकलेला, पण त्यांनी खडूनं जमिनीवर जे आखलं, ते मी पुस्तकं वाचूनही आखलं नसतं. सगळी जागा भरायचीच नाही. उत्तरेकडच्या बाजूला फक्त आठ बाय साडेचार. त्याचे दोन भाग: खोलीला लागून न्हाणी, आणि तिच्या पलीकडं, शेवटी, तीन फुटांचा संडास. म्हणजे अम्माच्या भिंतीला संडास लागत नाही, मध्ये न्हाणी. दोघांची दारं खोलीत नाहीत, दक्षिणेला उरलेल्या मोकळ्या पट्टीत. पट्टीवर पत्रा. तिथंच बाहेर बेसिन आणि खाली पाय धुवायला एक बुटका नळ, वजू तिथं. आणि अम्माची जानमाज खोलीच्या दक्षिण अर्ध्यात, जिथं समोर फक्त मोकळी पट्टी येते. अम्मानं दोनदा आत-बाहेर फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "हौ, ऐसा चलता."

इंजिनियर म्हणाले होते, एकत्र बांधा, जागा वाचते. ते खरं आहे. आणि पुढं-मागं चाकाची खुर्ची लागली किंवा आंघोळ घालायला माणूस लागला, तर एकत्र न्हाणीच बरी. तीन फुटांच्या संडासात दोघं मावत नाहीत. तरी वेगळं केलं, ते पाच माणसांच्या सकाळीसाठी. एक आत, एक न्हाणीत, एक बेसिनवर. एकाच पाइपावर तिघांची सोय. रमजानात सहरीच्या वेळी सगळं घर एकदम उठतं, तेव्हा याची किंमत कळते. शिवाय तीन फूट रुंदीचा एक फायदा गवंडीमामांनी दाखवला: म्हातारं माणूस उठताना दोन्ही हात दोन्ही भिंतींना पोचतात. दोन्हीकडं दांड्या बसवल्या.

खरा प्रश्न उताराचा. सेप्टिक टाकी पुढं अंगणात, आणि संडास मागं. बोळकांड्यातून चव्वेचाळीस फूट पाइप न्यायचा. चार इंची पाइपाला चाळिसाला एक उतार लागतो. चाळीस फुटांत एक फूट. म्हणजे आमच्याकडं तेरा इंच. कमी ठेवला तर मैला पाइपात बसून राहतो. मला भीती होती, की त्यासाठी संडास उंच घ्यावा लागेल आणि अम्माला पायरी चढावी लागेल. मग काय उपयोग? गवंडीमामांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं. तिचं एक टोक मी अम्माच्या खोलीच्या उंबऱ्याशी धरलं, दुसरं त्यांनी अंगणात. घराचं जोतं दीड फूट निघालं. माझ्या वडिलांनी पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेलं जोतं! मागची जागा भराव घालून खोलीच्या बरोबरीत आणली, आणि तेरा इंच आरामात मिळाले. अम्माच्या पलंगापासून संडासापर्यंत एकही पायरी नाही. ती नळी हातात धरून मी उभा होतो तेव्हा वडिलांची फार आठवण झाली.

भांडं बसवतानाचा किस्सा सांगतो. आमच्यात संडासाला बसताना काब्याकडं तोंड किंवा पाठ होऊ देत नाहीत. म्हणून भांडं उत्तर-दक्षिण हवं. हे गवंडीमामांना कसं समजावावं या विचारात मी होतो, तर तेच म्हणाले, "सर, एक सांगू का? वास्तुशास्त्राप्रमाणं भांडं उत्तर-दक्षिणच पाहिजे बघा. तुमच्यात चालतं ना?" मी अम्माला सांगितलं. ती बराच वेळ हसत होती. मग प्लंबर आला, त्याला ना काबा ना वास्तू. त्यानं भांडं आपल्या सोयीनं आडवं मांडून पाइपाला भोक पाडून ठेवलं. अर्धा दिवस आणि एक टाइल वाया.

बाकी कामाबद्दल मित्रासाठी दोनच गोष्टी. दार बाहेर उघडणारं घ्यायचं. आत माणूस पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि बाहेरच्यांना उघडता येत नाही. आणि टाइल बसवण्याआधी न्हाणीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवून बघायचं. आमच्याकडं पहिल्या दिवशीच खोलीच्या भिंतीला ओल आली. कोपऱ्यातला सांधा पुन्हा केला. मुकादमाचं म्हणणं होतं, टाइल बसल्यावर आपोआप बंद होईल. काही आपोआप बंद होत नसतं.

पाण्याचं म्हणाल, तर वर पाचशे लिटरची टाकी ठेवली, फ्लश दोन बटणांचा घेतला. लहान बटणाला तीन लिटर, मोठ्याला सहा. माझा जुना बिनतोड युक्तिवाद तिथं वाहून गेला.

मग मित्रानं काय करावं? त्याच्या घरात दोन न्हाण्या आधीच असतील आणि माणसं तीन असतील, तर खुशाल खोली मोठी करावी. कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर पलंगाच्या बाजूनं फिरायला तीन फूट लागतातच, तिथं काटकसर करू नये. पण नकाशा काढण्याआधी त्यानं घरातल्या बायकांना एवढंच विचारावं, की संध्याकाळनंतर तुम्ही किती पाणी पिता. आणि पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवू नये. माझ्या आईनं डॉक्टरांना काय सांगितलं, ते मघाशी ऐकलंतच.

माझं टेबल झालं नाही. पुस्तकं पलंगाखाली खोक्यांत आहेत. हवं ते पुस्तक नेहमी सगळ्यांत खालच्या खोक्यात निघतं. कधी कधी राग येतो, तो खोटं कशाला बोलू? मी अजून मांडीवर पॅड घेऊनच लिहितो. हे भाषणही तसंच लिहिलंय, मागच्या पट्टीत, बेसिनच्या शेजारी खुर्ची टाकून. दुपारी तिथं सावली असते.

न्हाणी झाली त्या पहिल्या रात्री सुनेनं नेहमीसारखा तांब्या भरून ठेवला. सकाळी मी मुद्दाम बघायला गेलो. अर्धा होता. पुढच्या उन्हाळ्यात अम्मानं तक्रार केली, की रात्री दोन वाजता त्या तांब्यातलं पाणी गरम झालेलं असतं, ते काही पिण्यासारखं नसतं. मग मुलानं तिच्यासाठी सुरई आणली. पहिली तिनं नापसंत केली, झिरपत नाही म्हणून. दुसरी ठेवून घेतली.